दादीची जबान कुठल्या रकान्यात?

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. सोलापूरला माझ्या दादीचे गुडघे धरले होते. एका मोठ्या दवाखान्याचा नंबर फिरवला, तर पलीकडून माणूस नाही, यंत्र बोललं. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन. दादीने एक दाबला. "आपली तक्रार सांगा," यंत्र म्हणालं. दादी रोज बोलते तशीच बोलली, "घुटने दुखतैं, चलनेकूच नै होता." यंत्राला समजलं नाही. मग दोन दाबून पाहिला. तिथेही समजलं नाही. तिसऱ्या वेळी लाईनच कट झाली. दादीने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मेरी बातच नै समझती तो मेरेकू बोलने लगाया कायकू?"

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. हसून विषय टाळता आला असता, पण यंत्राला दादी का कळली नाही, हे मला चांगलंच माहीत होतं. त्याला कुणी तिची जबान ऐकवलेलीच नव्हती. आणि ऐकवण्याचं काम ज्यांनी करायला हवं होतं, त्यांत मीही होतो.

अब्बांचं घर सोलापूरचं, म्हणून दखनी. अम्मीचं माहेर दापोली तालुक्यातलं, म्हणून कोकणी. शाळा मराठी, मदरशात उर्दू. फॉर्मवर 'मातृभाषा' असा एकच रकाना असतो. अब्बा तिथे उर्दू लिहायचे, मी मराठी लिहितो. दोन्ही पूर्ण खरं नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात हीच गत असेल. आजवर या रकान्याने फारसं बिघडत नव्हतं. आता बिघडतंय. कारण दवाखाना, बँक, रेशन, पीकविमा, सगळीकडे बोलणारी यंत्रं येत आहेत आणि त्यांच्याकडे तोच रकाना आहे.

म्हणून सरळ सांगतो. मराठी, गोव्याची कोंकणी, आपली कोकणी आणि दखनी या भाषांनी आपली डिजिटल साधनं एकत्र आणि खुली बांधली पाहिजेत. शब्दकोश, आवाजाचे संग्रह, लिपी बदलणारी साधनं, शुद्धलेखन तपासणारी साधनं, सगळी. आणि या कामाची सुरुवात करायला मराठी मुसलमान तरुणांइतकं योग्य कुणी नाही.

यामागे भावना कमी आणि हिशेब जास्त आहे. बोलणं ओळखणारं यंत्र तासन्‌तास आवाज आणि त्याखालचा मजकूर यांच्या जोड्या पाहून शिकतं. मराठीसाठी असे संग्रह आहेत. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आहे आणि तो आवाज कुणालाही वापरता येतो. केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पात आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांचं काम चालतं, त्यात मराठी, कोंकणी, उर्दू तिन्ही आहेत. दखनी त्या २२ मध्ये नाही, म्हणून तिला स्वतःचा रकाना नाही. पण शून्यापासून सुरुवात करायचीही गरज नाही. एका भाषेवर शिकलेल्या यंत्राला तिची बहीण शिकवायला खूप कमी माल लागतो. मराठीतल्या 'चमचा'चा च आणि 'चार'चा च वेगळे, हे अक्षरात दिसत नाही पण कानाला कळतं. कोंकणीतही हाच प्रकार आहे. ळ दोघींत आहे, तिन्ही लिंगं दोघींत आहेत. दखनीचा 'नक्को' मराठीच्या 'नको'तून आला. 'मैच बोली' मधला च मराठीचाच. माझ्या फोनने दादीचं 'मैच' ऐकून 'मॅच' असं लिहिलं, तेव्हा त्याला क्रिकेट माहीत होतं, मराठीचा च माहीत होता, फक्त दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

हे जगात कुणी केलं नाही असंही नाही. नॉर्वेच्या उत्तर टोकाला ट्रोम्सो विद्यापीठात सामी भाषांचं काम चालतं. उत्तर सामी बोलणारे सुमारे २०,००० आणि दक्षिण सामी बोलणारे तर काही शेच. तरीही या बहिणी एकाच खुल्या यंत्रणेवर आपापले कीबोर्ड आणि शुद्धलेखन तपासणारी साधनं बांधतात. एकीसाठी लिहिलेला कोड दुसरीच्या कामाला येतो. स्पेनमध्ये 'अपर्टियम' हे भाषांतराचं साधन आधी स्पॅनिश-कॅटलानसारख्या जवळच्या भाषांसाठीच तयार झालं आणि खुलं ठेवलं गेलं. आपल्याकडेही पाया पडलेला आहे. आयआयटी मुंबईतून सुरू झालेल्या शब्दजालात एका अर्थाला एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाखाली हिंदी, मराठी, कोंकणी, उर्दू असे आपापले शब्द येतात. कोंकणीचं काम गोवा विद्यापीठात झालं. याच विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोश खुल्या परवान्यावर दिला. म्हणजे घर उभं आहे. त्यात दखनीची एक खोली काढायची आहे. ती कुणी काढायची, एवढाच प्रश्न.

विरोध होणार. तो कुठून होणार हेही मला माहीत आहे.

पहिला आवाज आपल्याच घरातला. दखनी ही बिघडलेली उर्दू, मुलांना साफ जबान शिकवा, असं म्हणणारे बुजुर्ग. त्यांना अदबीने विचारतो, बहमनी आणि आदिलशाहीच्या काळात ज्या जबानीत मसनव्या लिहिल्या गेल्या, इब्राहिम आदिलशाह दुसरा याने 'किताब-ए-नौरस' जिच्यात रचली, ती बिघडलेली कशी? उर्दू शायरीचे धडे वलीच्या नावाने सुरू करता, आणि वली ज्या दखनमधून आला तिथल्या बोलीची लाज वाटते?

दुसरा आवाज मराठी शुद्धतेचा. यात फारसीच फार, असं म्हणणारा. अर्ज, फिर्याद, वकील, दप्तर, कागद हे शब्द काढून कोर्टात एक दिवस काम करून दाखवा, एवढंच त्यांना सांगायचं. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' काढला. त्यांना या शब्दांची लाज नव्हती. त्यांना जाऊन ८० वर्षांहून जास्त काळ झाला, कोश आता सर्वांचा आहे. तो अक्षर अक्षर टाइप करून खुला करणं हे एका कॉलेजच्या एका वर्गाचं काम आहे. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाने शोधता येईल असा आणला. हा आपण का आणू नये?

तिसरा आवाज गोव्यातला, आणि तो मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. मराठीशी भागीदारी म्हणजे पुन्हा 'कोंकणी ही मराठीची बोली' असं ऐकणं, ही भीती पोकळ नाही. १९६७ चा जनमत कौल, १९७५ ची साहित्य अकादमीची मान्यता, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत समावेश, इतक्या पायऱ्या चढून ती भाषा उभी राहिली आहे. मोठी बहीण लहानीला गिळते, हे खरं आहे. पण यंत्राच्या बाबतीत वेगळं राहूनही गिळलं जातंच. कोंकणीचा मजकूर देवनागरीत दिसला की भाषा ओळखणारी साधनं त्याला सहज मराठी समजतात. रोमन लिपीतली दखनी हिंदीत जमा होते. यावर उपाय एकच, प्रत्येक ओळीवर तिच्या भाषेचं नाव लिहिलेलं असावं आणि प्रत्येक भाषेची परीक्षा वेगळी घेतली जावी. साधनं सामाईक, नाव आणि मोजमाप स्वतंत्र. अम्मीची कोकणी मराठीची की कोंकणीची, हा वाद पंडितांनी खुशाल चालू ठेवावा. तिच्या आवाजावर 'कोकणी, दापोली' एवढंच लिहा.

चौथा आवाज सगळ्यात सोयीचा. कंपन्या करतील, आपण कशाला? २०२२ मध्ये गुगलच्या भाषांतरात कोंकणी आली, ही चांगली बातमी होती. पण बाजार गिऱ्हाइकं मोजून येतो. आणि त्याचं यंत्र चुकलं तर दुरुस्त करायला आतला माल आपल्या हातात नसतो.

आता ती शंका, जी कुणी उघड बोलत नाही. मुसलमानांनी आपला आवाज कुठल्यातरी संग्रहात का द्यावा? उद्या तो कशासाठी वापरतील? ही शंका मला वेडी वाटत नाही. खुल्यावर ठेवलेला आवाज परत मागवता येत नाही, हे देणाऱ्याला आधी, त्याच्या भाषेत, स्पष्ट सांगितलं पाहिजे. म्हणून घरातली बोलणी, फोन, पत्ते, नावं यातलं काहीही नको. ठरवून सांगितलेल्या कहाण्या, पाककृती, शेतीची कामं, लग्नाच्या रिवाजाची वर्णनं पुरेत. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये. आणि आवाजांत बायका अर्ध्या असाव्यात. फक्त पुरुषांचे आवाज ऐकलेलं यंत्र दादीला पुन्हा नापास करेल.

शेवटी लिपी. इथेच आपण खरे कामाचे आहोत. नस्तालिकमध्ये लिहिलेला शब्द देवनागरीत आणायचा तर ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात, ते माहीत असावे लागतात. देवनागरीतून उलट जायचं तर एका 'स'साठी सीन, स्वाद की से, हे माहीत असावं लागतं. यंत्र हे आपोआप शिकत नाही, कुणीतरी हजारो जोड्या लिहून द्याव्या लागतात. महाराष्ट्रात दोन्ही लिप्या सहज वाचणारा तरुण कोण आहे? ज्याने सकाळी मदरशात अलिफ-बे गिरवलं आणि दुपारी शाळेत बाराखडी. हीच आपली 'अडचण' म्हणून आपल्याला दाखवली गेली. ना धड उर्दूचे, ना धड मराठीचे. मला वाटतं, हीच आपली पात्रता आहे.

मुशायरे आपण भरवतो, मादरी जबानवर भाषणं ऐकतो, डोळे पाणावतात. मग हिंजवडीला जाऊन दुसऱ्यांच्या भाषांचा कोड लिहितो. मी हेच करत आलो, म्हणून हे तुमच्यासारखंच मलाही लागू आहे.

मी सुरुवात केली आहे, ती छोटी आहे. एक साधी तक्त्याची फाईल. पहिल्या रकान्यात मराठी, दुसऱ्यात गोव्याची कोंकणी, तिसऱ्यात कोकणी, चौथ्यात दखनी, पाचव्यात तोच दखनी शब्द नस्तालिकमध्ये. पहिली ओळ 'नको' ची आहे. दखनीच्या रकान्यात दादीने स्वतः सांगितलं आणि मी लिहिलं. कोकणीच्या रकान्यासाठी अम्मीला फोन लावला, तर मावशी आणि अम्मी यांच्यातच वाद लागला. दोघींचे शब्द लिहिले, पुढे गावाचं नाव टाकलं.

कोंकणीचा रकाना अजून रिकामा आहे. तो मी भरू नये. गोव्यातल्या कुणी भरावा. तुमच्या घरात जी दादी, नानी, खाला आहे, तिच्याजवळ आज बसा. फोन तिच्या हातात देण्याआधी कागद घ्या आणि तिचे वीस शब्द लिहून काढा.