शाखामृग

संस्कृतांत वानरास ‘शाखामृग’ असें एक नांव आहे. आमच्या कौलांवर धिंगाणा घालणाऱ्या माकडांना तें आम्हांस कधींच शोभलेलें दिसलें नाहीं. सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील सिंहपुच्छ वानराला मात्र तें अक्षरशः लागू पडतें. कानडींत यास ‘सिंगळीक’ म्हणतात. अंग काळेंभोर, मुखाभोंवतीं रुपेरी आयाळ. पण ‘सिंह’ नांवांत आला तो आयाळीमुळें नव्हे, शेपटीच्या गोंड्यामुळें, हें बालवाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कर्नाटक, केरळ व तामिळनाडु यांबाहेर रानांत हा जगांत कोठेंही आढळत नाहीं.

याचा दिवस सदाहरित वृक्षांच्या शेंड्यांवरच जातो. फळें, बिया, किडे, जें मिळेल तें गालांच्या पिशव्यांत भरावयाचें व निवांत फांदीवर बसून खावयाचें. कुलेनिया वृक्षाचें काटेरी फळ फोडण्यांत तर हा निष्णात. मादीस एका वेळीं बहुधा एकच पिलूं, तेंही वर्षांच्या अंतरानें; म्हणून तुटलेली संख्या लवकर भरून येत नाहीं. प्रौढ वानरें आज सुमारें २,५०० च उरलीं आहेत.

केरळांतील सायलेंट व्हॅलींत धरण होणार होतें. त्याविरुद्धच्या चळवळींत याच वानराचें नांव गाजलें, व १९८४ सालीं तें अरण्य राष्ट्रीय उद्यान ठरलें. इतरत्र मळ्यांसाठीं रान तुटलें आणि फांदी फांदीस पोंचेनाशी झाली. तामिळनाडूंतील वालपारईस हे शाखामृग नाइलाजानें रस्त्यावर उतरूं लागले व मोटारींखालीं चिरडूं लागले. अखेर तेथें आगीच्या बंबांच्या जुन्या नळ्यांचे पूल या झाडापासून त्या झाडापर्यंत टांगले आहेत. सिंगळीक त्यांवरून पलीकडे जातात.