तीन वर्षें कीं पांच?

आमच्या मुळशी तालुक्यांत भाताची लावणी व महाविद्यालयाचे प्रवेश हीं एकाच सुमारास येतात. वडील चिखलांत उभे असतात आणि मुलगा बांधावरून विचारतो, "बाबा, अर्ज कोणता भरूं?" अशा वेळीं मिळालेलें उत्तर बहुधा घाईचें असतें. म्हणून विज्ञानाकडे वळूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपुढें हल्लीं जो एक प्रश्न वारंवार उभा राहतो, त्याचा विचार निवांतपणें या पानांवर करण्याचें योजिलें आहे. बारावीनंतर तीन वर्षांची बी. एस्सी. पत्करावी, कीं पांच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम घेऊन पदव्युत्तर पदवीसहच बाहेर पडावें, हा तो प्रश्न होय.

प्रश्न दूरदेशींचा नाहीं. पौडहून निघून चांदणी चौकापर्यंत गेलें कीं पाषाण डाव्या हातास राहतें. तेथें २००६ सालीं भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था स्थापन झाली. लोक तिला 'आयसर' म्हणतात. तेथील मुख्य अभ्यासक्रम पांच वर्षांचा आहे. आरंभीं जीवशास्त्र, रसायन, गणित व पदार्थविज्ञान या साऱ्यांची ओळख, मग आवडीचा विषय, आणि शेवटचें वर्ष बहुतांशीं संशोधन व प्रबंध यांसाठीं, अशी तेथील रीत आहे. दुसरीकडे १८८५ चें फर्ग्युसन व १९१६ चें सर परशुरामभाऊ महाविद्यालय यांसारख्या जुन्या संस्थांतून बी. एस्सी. होऊन पिढ्यान् पिढ्या बाहेर पडल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें या पदवीस चौथ्या वर्षाची जोड देऊं केली आहे; तथापि तीन वर्षांनीं पदवी घेऊन थांबण्याची मोकळीक तींत कायम आहे.

आतां पांच हा आंकडा तिहींहून मोठा, म्हणून पांच वर्षांचा विद्यार्थी श्रेष्ठ व तीन वर्षांचा कनिष्ठ, अशी एक समजूत पालकांत पसरूं लागली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. ज्याला कोठेंच प्रवेश मिळाला नाहीं तो बी. एस्सी.ला गेला, असें बोलून आपण त्या मुलाच्या उत्साहावर पहिल्याच दिवशीं पाणी ओततों. मग तो तीन वर्षें वर्गांत बसतो तो हरलेल्या माणसासारखा.

तीन वर्षांच्या पदवीचा खरा गुण म्हणजे तिच्या अखेरीस असलेलें दार. ज्याला बी. एड्. होऊन आपल्यासारख्या शाळेंत शिकवावयाचें आहे, ज्याला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसावयाचें आहे, ज्याच्या घरीं धाकट्या भावंडांचीं शिक्षणें उरलीं आहेत, त्याला तें दार मोलाचें आहे. बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा अंदाज घेतो, ही प्रभु येशूची दृष्टान्तकथा आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकली आहे. तो हिशेब पैशाप्रमाणेंच वर्षांचाही करावयाचा असतो. पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत शिरून तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस कोणी पदवी हातांत ठेवील, या भरंवशावर कोणीं जाऊं नये. शिवाय बी. एस्सी. झालेल्यास संशोधनाची वाट बंद होते असेंही नाहीं. 'जॅम' नांवाची प्रवेशपरीक्षा देऊन त्याला आय. आय. टी.सारख्या संस्थेंत एम्. एस्सी. करितां येतें. पाषाणच्या त्याच संस्थेंत पदवीधरांसाठीं एकत्रित पीएच. डी.चा मार्गही ठेविलेला आहे. म्हणजे जें दार अठराव्या वर्षीं उघडलें नाहीं, तेंच एकविसाव्या वर्षीं पुन्हां ठोठावितां येतें.

इतकें बोलून आम्हीं बी. एस्सी.ची बाजू घेतली असें कोणास वाटेल. परंतु एका बाबतींत आमचें मत अगदीं निराळें आहे, आणि ती बाब मुलींची. तीन वर्षांच्या अखेरीस जें दार मुलाला सोय वाटतें, तेंच मुलीला पुष्कळदां उंबरठा होऊन अडवितें. पदवी मिळाली, आतां स्थळें पाहूं, असें घरीं बोलणें सुरू होतें. एम्. एस्सी.साठीं तिला सर्वांची परवानगी नव्यानें मागावी लागते. आणि आजी, काका, मामा यांपैकीं एकजण तरी नकार देणारा निघतोच. पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत ही परवानगी एकदांच, आरंभीं, मागावयाची असते. ज्या मुलीला विज्ञानाची खरी ओढ आहे तिच्या पालकांनीं, शक्य असल्यास, हाच मार्ग तिला द्यावा असें आम्ही आग्रहानें सांगूं.

येथें कमला भागवत (पुढें सोहोनी) यांची आठवण होते. १९३३ सालीं त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत संशोधनासाठीं त्यांनीं अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर रामन् यांनीं, अर्जदार स्त्री आहे, या कारणानें तो नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहींत. अखेर एक वर्ष काम पाहूं, मग ठरवूं, अशा अटीवर त्यांना घेतलें गेलें. १९३६ सालीं त्या एम्. एस्सी. व १९३९ सालीं केंब्रिजच्या पीएच. डी. झाल्या, पुढें नीरा या पेयाच्या पोषकतेवर त्यांनीं महत्त्वाचें संशोधन केलें. पदवीनंतरच्या त्या एका फाटकाशीं त्यांना किती झगडावें लागलें! तेंही वडील व चुलते स्वतः रसायनशास्त्रज्ञ, म्हणजे घरचे लोक पाठीशीं असतांना. आमच्या डोंगरकपारींतील एखाद्या मुलीच्या पाठीशीं कोण आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

मग कोणीं कोठें जावें? वडिलांच्या मित्राचा मुलगा कोठें गेला, यावरून तें ठरूं नये. आमची कसोटी साधी आहे. लंबकाचा प्रयोग करतांना गुरुत्वत्वरणाचा आंकडा पुस्तकाप्रमाणें आला नाहीं, तर तुम्ही काय करितां? शेजाऱ्याच्या वहींतून ९.८ उतरून घेतां, कीं दोऱ्याची लांबी पुन्हां मोजून पाहतां? जो पुन्हां मोजतो, आणि तरीही चूक न सांपडल्यानें ज्याला रात्रीं चैन पडत नाहीं, त्यानें पांच वर्षांचा विचार जरूर करावा. इतरांनीं केवळ संस्थेच्या नांवासाठीं तिकडे धांवूं नये. संशोधनाचें तें शेवटचें वर्ष त्यांस फार लांब वाटेल. (वहींतून उतरून घेणाऱ्यांस आम्ही नांवानिशीं ओळखतों, परंतु हें वार्षिक अंकाचें पान आहे.)

इंग्रजीच्या भीतीनें मात्र कोणीं मागें राहूं नये. वर्गांतील पहिलीं कांहीं महिने जड जातात खरीं, पण तीं सर्वत्रच जातात, बी. एस्सी.चे तासही इंग्रजींतच होतात.

खरी अडचण निराळी आहे व ती फार लवकर उभी राहते. पाषाणच्या प्रवेशासाठीं जी अभिक्षमता परीक्षा असते तींत ६० प्रश्न व तीन तास असतात. जीवशास्त्र, रसायन, गणित व पदार्थविज्ञान यांचे प्रत्येकीं १५. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकलेल्यास एक कापला जातो. चारांपैकीं तीन विषय शिकलेल्यासही परीक्षेस बसतां येतें. परंतु अकरावींत ज्यानें गणित किंवा जीवशास्त्र सोडलें, त्याच्यापुढें ६० पैकीं १५ प्रश्न परके होऊन बसतात. म्हणजे जो निर्णय बारावीनंतरचा वाटतो, त्याचा अर्धा भाग दहावीच्या सुट्टींतच होऊन गेलेला असतो. चारही विषय झेपत असतील तर चारही घ्यावे. न झेपल्यास तीन नीट करावे.

शिवाय या परीक्षेच्या अर्जाची मुदत बहुधा बारावीच्या निकालापूर्वींच संपते. निकाल लागूं दे, मग पाहूं, असें म्हणणारें घर त्या वर्षापुरतें या निवडीलाच मुकतें. होळी-पाडव्याच्या सुमारास अर्ज भरून ठेवावा, पुढें बी. एस्सी.च करावयाचें ठरलें, तरी त्यानें कांहीं अडत नाहीं. आणि हें बोलणें बांधावर नव्हे, तर रात्रीं जेवणें झाल्यावर, आईलाही बसवून करावें. घरचा हिशेब बहुधा तिलाच नीट ठाऊक असतो.