गाडी जरा पुढे घ्या

मागच्या शनिवारी लेकीला मराठी शाळेत सोडलं आणि आईला भूक लागली. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलीये. अमेरिकेत शाकाहारी माणसाला भर रस्त्यात भूक लागली की आपला हुकमी एक्का म्हणजे बीन बुरिटो. एका साखळीच्या ड्राइव्ह-थ्रूत शिरलो (नाव घेत नाही, सगळे सारखेच). डब्याशी बोललो, पैसे दिले, आणि खिडकीतली मुलगी म्हणाली, "सर, गाडी जरा पुढे घेता का? तिसऱ्या नंबरवर थांबा, आणून देते."

मागे एकही गाडी नव्हती. तरी घेतली पुढे. नऊ मिनिटांनी पिशवी आली. आईने एक घास घेतला, थांबली, म्हणाली, "अरे, हे राजमासारखं नाही लागत." बीन्सऐवजी खिमा. चौऱ्याहत्तर वर्षांत आईने अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. रागावली नाही, पण त्या दिवशी रात्रीपर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नाही तिने. एक वेळ मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

परत आत गेलो, भांडायलाच. तर त्या मुलीच्या डोक्यावर स्क्रीन, त्यावर हिरवेगार आकडे. माझी गाडी म्हणे ४२ सेकंदांत 'झाली' होती!

मंडळी, ही भानगड समजून घ्या. खिडकीपाशी डांबराखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. गाडी त्यावर आली की घड्याळ सुरू, हलली की बंद. गाडीतल्या माणसाला जेवण मिळालं की नाही, हे त्या तारेला कळत नाही. म्हणून उशीर होणार दिसला की गाडी पुढे ढकलायची. आकडा हिरवा, मॅनेजर खूश, वरचा साहेब खूश. माझी आई उपाशी.

हा खेळ आपल्याला नवीन नाही. हापिसात तिकीट चोवीस तासांत बंद करायचं असलं की आपण काय करतो? 'अधिक माहिती हवी' असं लिहून गिऱ्हाइकाच्या गळ्यात परत टाकतो. घड्याळ थांबतं. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ सालीच सांगून ठेवलंय की मापालाच लगाम केलं की ते माप भरवशाचं राहत नाही. गंमत बघा, मॅकडोनाल्ड्सचा पहिला ड्राइव्ह-थ्रू त्याच १९७५ सालचा, ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टाचा. जवळच्या लष्करी तळावरच्या सैनिकांना फटीग्ज घालून तळाबाहेर गाडीतून उतरायची परवानगी नव्हती, त्यांची सोय म्हणून भिंतीत खिडकी पाडली. सोय गिऱ्हाइकाची होती, घड्याळाची नव्हे.

बरं, सेकंद मोजून धंदा तरी कळतो का? क्यूएसआर नावाचं या धंद्याचं मासिक आहे, त्याच्या २०१९ च्या पाहणीत सरासरी वेळ २५५ सेकंद आली. चिक-फिल-एला ३२० च्या वर लागले, म्हणजे सर्वांत मंदांपैकी एक. आणि तिथे गर्दी बघा, रांग रस्त्यावर येते! साधा हिशेब आहे. एकीकडे रांगेत बारा गाड्या, प्रत्येकीला ३०० सेकंद, म्हणजे दर २५ सेकंदांना एक गाडी बाहेर. दुसरीकडे चारच गाड्या, प्रत्येकीला २०० सेकंद, म्हणजे दर ५० सेकंदांना एक. 'मंद' दुकान दुप्पट गाड्या काढतंय. लेटन्सी वेगळी, थ्रूपुट वेगळं, हे आपल्याकडचं शिकाऊ पोरगंही सांगेल. शिवाय चिक-फिल-एची माणसं टॅब्लेट घेऊन रांगेत चालत येतात, तोंडाकडे बघून ऑर्डर घेतात. म्हणजे जास्त माणसं लावतात. पण इथेच तर घोडं पेंड खातं ना! माणसं वाढवायला पैसे पडतात, घड्याळ भिंतीवर फुकट ओरडतं.

त्यापेक्षा मशीन स्वस्त, असं वाटून मॅकडोनाल्ड्सने आयबीएमबरोबर ऑर्डर घेणारा यंत्राचा आवाज करून पाहिला. शंभरावर दुकानांत चालवला आणि २०२४ मध्ये गुंडाळला.

असो. ती मुलगी. वीस-एकवीसची असेल, कानात हेडफोन, एका हाताने पैसे घेतेय, कानात पुढच्या गाडीची ऑर्डर, डोक्यावर आकडा. मी आईबद्दल सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले, आणि त्याच क्षणी तिने स्क्रीनकडे बघितलं. भांडायला गेलेला मी, "राहू दे" म्हणून बाहेर आलो. तिला ओरडून काय उपयोग? ओरडायचं तर तार पुरणाऱ्यावर.

माझं मागणं फार नाही. पुढे ढकललेल्या गाडीचं घड्याळ पिशवी हातात पडेपर्यंत चालू ठेवा. दोन ओळींचा कोड आहे, मी शनिवारी फुकट लिहून देतो. आणि त्या स्क्रीनवर सेकंदांच्या शेजारी आज किती पिशव्या चुकल्या तोही आकडा दाखवा, तोंड गिऱ्हाइकाकडे करून.

पावतीवर मत कळवायचा दुवा होता. उघडला. पहिलाच प्रश्न: आमची सेवा किती जलद वाटली?