बिबट्यासाठी कॅमेरा घेताय? आधी हे वाचा, मग ठराव करा

मंडळी, परवाच्या ग्रामसभेत बिबट्याचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे वातावरण तापलं. कोणी म्हणालं पिंजरा लावा, कोणी म्हणालं सगळे धरून न्या. शेवटी ठरलं की गावाने ट्रॅप कॅमेरे घ्यायचे. लगेच एका उत्साही भावाने मोबाईलवर जाहिरात दाखवली. अठ्ठेचाळीस मेगापिक्सल, फोर-के, सौर पॅनल, थेट मोबाईलवर फोटो! सगळे खूश. मी गेली तीन वर्षं शेताच्या बांधावर असे कॅमेरे लावतोय, दोन बिघडवून बसलोय, म्हणून गावाचा पैसा जाण्याआधी चार गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट, मेगापिक्सलला भुलू नका. स्वस्त कॅमेऱ्यातला आतला सेन्सर बारीकच असतो, फोटो फुगवून आकडा मोठा केलेला असतो. बिबट्या ओळखायचा तो अंगावरच्या ठिपक्यांवरून. प्रत्येकाची नक्षी वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. त्यासाठी फोटो स्पष्ट हवा, आकडा मोठा नको. विकत घेण्याआधी त्याच कॅमेऱ्याने रात्री काढलेला चालत्या जनावराचा फोटो मागा. दुकानदार दाखवत नसेल तर पुढचं दुकान बघा.

दुसरी, वेग. हा कॅमेरा उष्णतेची हालचाल टिपतो. जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर हाती फक्त शेपूट येते. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात वर्षभर शेपट्याच होत्या.

तिसरी, उजेड. रात्री काही कॅमेऱ्यांचे दिवे लालसर चमकतात, काहींचे अजिबात दिसत नाहीत. न दिसणारे घ्या. पल्ला थोडा कमी मिळतो, पण जनावर बिचकत नाही आणि चोरालाही कॅमेरा सापडत नाही. आपल्याकडे बिबट्यापेक्षा चोराची भीती जास्त, हे तुम्हालाही माहीत आहे. साखळी-कुलूप धरूनच हिशोब करा.

चौथी, खरा खर्च सेलचा. बऱ्याच कॅमेऱ्यांना आठ सेल लागतात. चार्ज होणारे सेल घ्यायचे तर कॅमेरा त्यावर नीट चालतो का, हे आधी विचारा. त्यांचा दाब साध्या सेलपेक्षा कमी असतो, काही कॅमेरे लगेच बंद पडतात. सिमकार्डवाला कॅमेरा छान वाटतो, पण ओढ्यात रेंज नसेल तर तो रात्रभर नेटवर्क शोधत सेल संपवतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एक महागडा घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशात तीन साधे, बिनसिमचे, दुरुस्ती होणारे कॅमेरे घ्या. गुडघ्याएवढ्या उंचीवर लावा, उगवत्या-मावळत्या उन्हाकडे तोंड नको, समोरचं पाचट आणि गवत साफ करा. उन्हात उसाचं पान हललं तरी फोटो निघतो आणि कार्ड भरतं. तारीख-वेळ बरोबर लावा. ती चुकली तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि माणूस नेमा! कॅमेरा कोणीही लावेल, फोटो बघणार कोण? देशात २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यात वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. बाकी सगळं इतर प्राणी, गुरं, माणसं आणि हलणारं गवत. आपल्या गावातही हेच होणार. दर आठवड्याला कार्ड काढून वहीत तारीख, वेळ, जागा लिहिणारी दोन पोरं हवीत. नाहीतर कॅमेरा म्हणजे झाडाला बांधलेला डबा.

आता मुद्द्याचं. हे सगळं करायचं कशासाठी? व्हॉट्सॲपवर बिबट्याचा व्हिडिओ टाकून लाईक मिळवायला? तसं असेल तर एक रुपयाही घालू नका. दुसऱ्याच गावचे, कधी एआयने बनवलेले फोटो फिरून आधीच आयाबायांची झोप उडालीय.

अकोले तालुक्यात शेतातच कॅमेरे लावून विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, माणसांनी भरलेल्या भागात ११ मोठे बिबटे राहत होते. म्हणजे बिबट्या पाहुणा नाही, उसात राहणारा शेजारी आहे. एक पिंजऱ्यात नेला तर मोकळ्या जागेत दुसरा येऊ शकतो. मग आपण काय करायचं? तो कोणत्या वाटेने, किती वाजता जातो ते कळून घ्यायचं आणि त्यावर आपलं वेळापत्रक, गोठ्याची जाळी, पोरांची शाळेची वाट ठरवायची.

माझ्या वहीत संध्याकाळी सात ते पहाटे पाच याच वेळेतल्या नोंदी सगळ्यात जास्त आहेत. आणि आपण दारं धरायला कधी जातो? रात्रीच. कारण लाईट रात्री येते. तीन कॅमेऱ्यांच्या सहा महिन्यांच्या नोंदी घेऊन आपण वीज कार्यालयात गेलो तर दिवसा वीज द्या ही मागणी नुसती ओरड राहणार नाही, पुरावा होईल. माझ्या मते कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

शेवटचा मुद्दा आयाबहिणींचा. उत्तराखंडात कॉर्बेट परिसरात प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी बायकांवर कसा दबाव आला, हे केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०२४ च्या अभ्यासात आलंय. झाडीत शौचाला गेलेल्या एका बाईचा फोटो गावात फिरवला गेला. बायकांनी जंगलात मोठ्याने बोलणं, गाणं कमी केलं, आणि त्याच आवाजाने तर जनावर बाजूला होतं. आपल्या गावात हे घडता कामा नये. म्हणून ठरावात लिहा : जागा बायकांना विचारून ठरेल, तिथे पाटी लागेल, माणसाचा फोटो त्याच दिवशी पुसला जाईल, फोटो बाहेर टाकणाऱ्याला दंड होईल. फोटो तपासणाऱ्या दोघांत एक मुलगी असावी. वनजमिनीवर लावायचा तर वनखात्याची परवानगी, आणि शेतात लावला तरी वनरक्षकाला कल्पना द्या. बिबट्या दिसला तर गर्दी न करता १९२६ ला फोन.

कॅमेरा बिबट्याला थांबवत नाही. तो आपल्याला शहाणं करू शकतो, तेही आपली तयारी असेल तरच. पुढच्या ग्रामसभेत जाहिरात दाखवू नका, वही दाखवा. पटलं तर आपल्या वस्तीवरच्या चार माणसांना वाचून दाखवा.