दोन गिऱ्हाइके आणि आपला कापूस

परदेशी कापसाची मागणी वाढल्याची वार्ता आली, की भाव चढणारच असे गृहीत धरून कापूस घरात भरून ठेवण्याची, किंवा पुढील हंगामात ज्वारी-तुरीचे तासही कपाशीला देण्याची प्रवृत्ती गावोगावी दिसून येते. ग्रामसेवकही पुष्कळदा या वार्तेस दुजोरा देतात. परंतु एखाद्या देशाने किती गासड्या मागविल्या, एवढ्यावरून त्या गिऱ्हाइकाचा भरवसा ठरत नाही. त्या कोणत्या गरजेपोटी मागविल्या, हे पाहावे लागते. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला लाभलेल्या दोन मोठ्या गिऱ्हाइकांचा, म्हणजे इंग्लंड व जपान यांचा, इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या १८६० पर्यंत आपल्या कापसाचा सुमारे चार-पंचमांश हिस्सा अमेरिकेतून आणीत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन तेथील बंदरे कोंडली गेली, तेव्हा या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. भाव कित्येक पटींनी वाढले. मुंबईत पैशाचा पूर आला. मात्र आपला कापूस तेथे आवडीने घेतला जात होता असे नव्हे. त्याचा धागा आखूड, त्यात माती व सरकीचे तुकडे फार. अमेरिकन कापसासाठी बनविलेल्या यंत्रांवर तो वारंवार तुटे. भेसळीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, आणि भाव कोसळले. वऱ्हाडातून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, म्हणजे तेजीची वरात पुढे निघून गेल्यावर! तेजीच्या काळात सावकारांनी सढळ हाताने दिलेले कर्ज मात्र मागे राहिले. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या कारणांत तेजी ओसरल्यावर आवळलेल्या पतीचाही समावेश केला जातो.

जपानचे वर्तन निराळे होते. तेथे गिरणीधंदा उशिरा, १८८० नंतर, वाढीस लागला. त्यांना जाडेभरडे सूत काढावयाचे होते व त्याची बाजारपेठ चीनमध्ये होती. निरनिराळ्या देशांचा कापूस हिशेबाने मिसळून स्वस्त सूत काढण्याची कला जपानी गिरण्यांनी साध्य केली, आणि त्या मिश्रणात आपल्या आखूड धाग्याला निश्चित जागा मिळाली. १८९३ मध्ये टाटांच्या सहकार्याने एका जपानी कंपनीने मुंबई ते कोबे अशी आगबोटींची वाहतूक सुरू केली. १८९६ मध्ये जपानने कच्च्या कापसावरील आयात जकात काढून टाकली. पुढे जपानी व्यापारी पेढ्यांचे खरेदीदार मुंबईवर न थांबता आतल्या बाजारपेठांत येऊन बसले. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळात जपानच्या एकूण कापूस आयातीत निम्म्याहून अधिक भाग हिंदुस्थानचा असे. अमरावतीच्या नावावरून पडलेले ‘उमरा’ हे व्यापारी नाव ओसाकाच्या गिरणीमालकांच्या परिचयाचे झाले, ते केवळ दैवयोगाने नव्हे.

म्हणून जपानची खरेदी तीस-चाळीस वर्षे टिकली, तर लँकेशायरची ती तेजी चार वर्षांत आटोपली. तथापि दुसरे गिऱ्हाईकही बांधलेले नव्हते. जून १९३३ मध्ये ब्रिटनखेरीज इतर देशांच्या सुती कापडावरील जकात येथील सरकारने शेकडा ७५ पर्यंत नेली. त्यावर जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार पुकारला. भांडण कापडाचे, घाव मात्र कास्तकारावर! १९३४ च्या कराराने तोड निघाली, ती अशी, की जपानने दहा लाख गासड्या घेतल्यास त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड येथे विकता यावे. १९४१ मध्ये युद्धाच्या छायेत हा व्यापारही बंद पडला आणि आखूड धाग्याचा कापूस विकत घेणारा उरला नाही. लवकरच अशी जमीन धान्याखाली आणण्याची मोहीम सरकारला हाती घ्यावी लागली.

हे जुने पुराण आहे असे कोणी समजू नये. २०११-१२ मध्ये चीनने पन्नास लाख टनांहून अधिक कापूस आयात केला व त्याच वर्षी भारताची निर्यात सव्वाशे लाख गाठींच्या पुढे गेली. त्या वेळी चिनी सरकार आपल्या शेतकऱ्यांचा माल चढ्या भावाने गोदामात भरीत होते; त्यामुळे तेथील गिरण्यांना बाहेरचा कापूस स्वस्त पडे. २०१४ मध्ये ते धोरण सोडण्यात आले, आणि २०१५-१६ मध्ये चीनची आयात सुमारे दहा लाख टनांवर आली. भारताची निर्यातही त्या वर्षी सुमारे ६९ लाख गाठींवर उतरली. वाढलेली मागणी चातीची नव्हती, धोरणाची होती.

तेव्हा निर्यातीची बातमी चावडीवर वाचून दाखविताना ग्रामसेवकांनी तिच्यासोबत दोन प्रश्नही मांडावेत: घेणाऱ्या देशाच्या गिरण्यांना आपल्याच धाग्याची गरज आहे काय, आणि त्यांचे नेहमीचे दुकान पुन्हा उघडल्यास ते आपल्याकडे येत राहतील काय? उत्तर मिळत नसेल, तर कापूस किती दिवस घरात ठेवावा व तुरीचे तास मोडावे की नाही, याचा निर्णय कास्तकाराने आपल्या कर्जाच्या हप्त्याकडे पाहून घ्यावा, बातमीकडे पाहून नव्हे. वेचणी मात्र कोरड्या, स्वच्छ कापडातच करावी. मातीचा कापूस १८६३ मध्येही कमी भावाने जात होता.