मळलेली वाट की आडवाट?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. नागपूर आपल्या रामपायलीला परके नाही. घराघरांत बुद्धिबळाचा पट उघडावा, अशीच ही गोष्ट आहे. मात्र पट उघडला की पहिला प्रश्न येतो : डावाची सुरुवात सगळे खेळतात तशी करावी, की कुणी सहसा खेळत नाही तशी?

मुलांना आडवाट आवडते. वजीर लगेच बाहेर काढायचा, उंटाची जोड द्यायची आणि चौथ्या खेळीला मात! नवख्यापुढे हे चालते. पण समोरच्याने घोड्याने आपले प्यादे राखले व दुसरे प्यादे एक घर सरकवले, की वजिराला माघार घ्यावी लागते. मग त्याच्या मोहऱ्या बाहेर आणि आपल्या घरातच. हा सापळा झाला, सुरुवात नव्हे.

म्हणून सगळीच आडवाट वाईट असे आम्ही म्हणत नाही. १९८० साली स्वीडनमधील स्कारा येथे टोनी माइल्सने जगज्जेत्या कार्पोवला पहिल्याच खेळीत कडेचे प्यादे एक घर सरकवून उत्तर दिले आणि डाव जिंकला. पण माइल्स स्वतः ग्रँडमास्टर होता. पुढचा डाव कसा सांभाळायचा, हे त्याला ठाऊक होते.

आपल्या देशातले उदाहरण त्याहून मोलाचे आहे. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉकरेन या ब्रिटिश बॅरिस्टरशी खेळत. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. बॅनर्जी घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून उंट तिरप्या लांब रेषेवर बसवत. युरोपच्या तेव्हाच्या रीतीत हे बसणारे नव्हते. १८५५ साली ते ज्या पद्धतीने खेळले, तीच १९२२ साली ग्रुनफेल्डने खेळली आणि त्याच्या नावाने ती जगभर झाली. कालची आडवाट आज हमरस्ता झाली, कारण तिच्यामागे विचार होता.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आमचे म्हणणे एवढेच : आधी मळलेली वाट नीट चाला. मधली घरे धरा, घोडे-उंट बाहेर काढा, किल्लेकोट करा आणि प्रत्येक खेळीचे कारण सांगता येऊ द्या. मग हवी तर एखादी आडवाट धरा. पण आधी स्वतःला विचारा, समोरच्याने अचूक उत्तर दिले तर माझा डाव उभा राहील का?

पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही "जिंकलास का?" एवढेच विचारू नये. मुलांना डाव वहीत लिहून ठेवायला लावावे आणि "ही खेळी का केलीस?" असे विचारावे. नुसत्या चषकाच्या घाईत मुले सापळे शिकतील. कारण विचारले, तर विचार करायला शिकतील. शाळेने पट मांडायचा तो त्यासाठीच.