कप्पे किती, भरले किती?

संगणकाच्या अभ्यासक्रमात नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या वर्षी बहुधा 'सी' ही भाषा येते. डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ती घडवली. प्राथमिक धडे संपले की विद्यार्थी 'ॲरे' या प्रकरणापाशी येतो. वापरणाऱ्याने टंकलेले आकडे घेऊन ॲरे भरणे, हा त्यातील पहिला सराव. दिसायला तो सोपा असतो. परंतु पुष्कळ नवशिके नेमके येथेच अडखळतात. त्या अडचणीचे मूळ मात्र पेढीवर वही लिहिणाऱ्या कोणालाही ओळखता येईल असे आहे.

ॲरे म्हणजे एकाच नावाखाली सलग मांडलेले, सारख्या आकाराचे कप्पे. दुकानाची आठवड्याची विक्री साठवायची, तर सात निरनिराळी नावे देण्याऐवजी 'विक्री' हे एकच नाव ठेवून त्याचे सात कप्पे मागून घेतले जातात. त्यांची गणना एकापासून नव्हे, तर शून्यापासून होते. कप्प्याचा क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर. पहिला कप्पा आरंभाच्याच जागी असल्याने त्याचे अंतर शून्य. अर्थात सात कप्प्यांच्या ॲरेत शेवटचा क्रमांक सहा असतो.

पहिली चूक येथे घडते. फेऱ्या मोजताना 'सातपेक्षा कमी' अशी अट घालण्याऐवजी 'सात किंवा त्याहून कमी' अशी अट घातली जाते आणि आकडे आठ मागितले जातात. जावा किंवा पायथनमध्ये हद्दीबाहेरच्या कप्प्यात लिहू गेल्यास चूक दाखवली जाते. सी भाषा अडवत नाही. वेग राखण्यासाठी ही तपासणी तिने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोपवली आहे. आठवा आकडा ॲरेच्या पलीकडच्या जागेत जाऊन बसतो आणि तेथे दुसरीच एखादी नोंद असेल, तर ती निमूटपणे पुसली जाते. एका खात्याची रक्कम शेजारच्या खात्यावर चढावी आणि कोणी हटकू नये, तसाच हा प्रकार.

दुसरी चूक टंकणाऱ्या माणसाच्या सवयीतून येते. बारा हजार पाचशे ही रक्कम व्यापारी '१२,५००' अशी स्वल्पविराम देऊन लिहितो. सीमध्ये आकडे घेण्यासाठी शिकवले जाणारे 'स्कॅनएफ' हे फंक्शन पूर्णांक वाचताना स्वल्पविरामापाशी थांबते. पहिल्या कप्प्यात केवळ १२ जातात. स्वल्पविराम तेथेच पडून राहतो. पुढच्या प्रत्येक फेरीत स्कॅनएफ त्याच स्वल्पविरामापाशी येऊन रिकाम्या हाताने परतते. उरलेल्या सहा दिवसांची विक्री विचारल्याचा भास होतो. प्रत्यक्षात प्रोग्रॅम कोणासाठीही न थांबता क्षणात संपतो. त्या सहा कप्प्यांत आरंभी काहीच ठेवले नसेल, तर पूर्वीचा केरकचरा असू शकतो आणि बेरीज त्याचीही होते. पडद्यावर उत्तर उमटते, पण ते विक्रीचे नसते.

यावर उपाय आहे. आपण किती आकडे यशस्वीपणे वाचले, हे स्कॅनएफ प्रत्येक वेळी कळवते. नवशिका बहुधा ते पाहतच नाही. त्याहून सुरक्षित रीत म्हणजे आधी संपूर्ण ओळ अक्षरांच्या रूपात घ्यावी, ती तपासावी, स्वल्पविराम काढावेत आणि मगच तिचा आकडा करावा.

तिसरी गोष्ट हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. सीमधील ॲरेला आपले किती कप्पे भरले आहेत, हे ठाऊक नसते. सर्व कप्प्यांत आरंभी शून्य ठेवले, तर केरकचरा टळतो. पण 'त्या दिवशी विक्री झाली नाही' आणि 'नोंद करायची राहिली' हा भेद पुसला जातो. रोजकीर्दीत या दोहोंचा अर्थ एक नव्हे. म्हणून भरलेल्या कप्प्यांची संख्या स्वतंत्रपणे ठेवावी लागते आणि सरासरी काढताना भागाकार त्या संख्येने करावा लागतो, कप्प्यांच्या संख्येने नव्हे. बँकेत दिवसअखेर रकमेबरोबर व्हाउचरांची संख्याही जुळवतात, ती याच कारणासाठी.

हे नियम केवळ परीक्षेतील गुणांसाठी नाहीत, याची साक्ष संगणकाच्या इतिहासात आहे. त्या काळी अनेक संगणकांवर 'फिंगर' नावाची सेवा चालत असे. वापरकर्त्याचे नाव कळवले की ती त्याची माहिती देई. आलेला मजकूर ठेवण्यासाठी तिच्यात ५१२ अक्षरांचा ॲरे होता आणि तो भरण्याचे काम 'गेट्स' या फंक्शनकडे होते. गेट्स ओळ संपेपर्यंत वाचत जाते. ॲरे केवढा आहे, हे तिला सांगण्याची सोयच नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने आपोआप पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. पसरण्याच्या त्याच्या मार्गांपैकी एक हा होता. त्याने ५१२ अक्षरांच्या जागेत ५३६ अक्षरे धाडली. सांडलेल्या अक्षरांनी पलीकडे असलेला 'काम संपल्यावर कोठे परतावे' हा पत्ता बदलला आणि संगणक पाहुण्याच्या आज्ञा पाळू लागला. सुमारे ६,००० संगणक बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. मॉरिसला १९९० मध्ये तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. गेट्स हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणित आवृत्तीतून वगळले गेले, ते मात्र २०११ मध्ये. तिच्या जागी वापरले जाणारे 'एफगेट्स' कप्प्यांची संख्या आधी विचारते आणि तेवढेच घेते.

ज्या घरातील मुले हा अभ्यास करीत आहेत, तेथील वडीलधाऱ्यांना यात मोलाची मदत करता येईल. त्यासाठी सी भाषा येण्याची गरज नाही. मुलाने लिहिलेल्या प्रोग्रॅमसमोर बसून दुकानात जसे लिहितात, तसेच लिहावे: रकमेत स्वल्पविराम द्यावा, आकड्याऐवजी 'सुट्टी' लिहावे, सातऐवजी पाचच दिवस भरावेत, कधी आठवाही द्यावा. प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी शांतपणे चूक दाखवून पुन्हा विचारले, तर मुलाला ॲरे भरता आला असे समजावे. त्याने निमूटपणे बेरीज दाखवली, तर वही पुन्हा उघडावी.